दोनशे जणांचा बुफे : शेवटच्या पाहुण्यापासून सुरू होणारे नियोजन

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेच्या वार्षिक संमेलनात दुपारी एक ते अडीच या वेळात सुमारे 200 जणांना बुफे पद्धतीने जेवण द्यायचे आहे. केटररने 22 पदार्थांची यादी पाठवली आहे आणि सभागृहाच्या भिंतीला लागून एकच लांब टेबल मांडायचा त्याचा विचार आहे. यादीतले कोणते पदार्थ ठेवावेत, अन्न किती करायला सांगावे आणि ही मांडणी पुरेशी आहे का, हे आपण विचारले आहे. दोन दशकांहून अधिक काळ मोठ्या जेवणांची व्यवस्था पाहत आलो असल्यामुळे उत्तर थोडे सविस्तर देतो, आणि आपल्या प्रश्नांचा क्रम मुद्दाम उलटा करतो.

यजमान बहुतेक वेळा पदार्थांपासून सुरुवात करतात. मी रांगेत सर्वांत शेवटी उभ्या असलेल्या पाहुण्यापासून सुरुवात करतो. तो टेबलापाशी किती वाजता पोहोचेल, तेव्हा तिथे काय शिल्लक असेल आणि जे असेल ते किती गरम असेल, या तीन गोष्टी ठरल्या की पदार्थांची संख्या, अन्नाचे वजन, टेबलांची जागा आणि माणसे हे सारे त्यातूनच ठरत जाते. हा धडा मला एका कार्यक्रमाने दिला. शेवटच्या तीसेक जणांच्या वाट्याला भात, चिरलेली काकडी आणि भांड्याच्या कडेला चिकटून राहिलेला रस्सा एवढेच आले होते. एका वयस्कर बाईंनी पळीने तळ खरवडून पाहिला, पळी जागेवर ठेवली आणि रिकामी प्लेट पुन्हा प्लेटांच्या थप्पीवर ठेवून त्या निघून गेल्या. त्या क्षणी आतल्या खोलीत त्याच रश्श्याची दोन मोठी पातेली झाकून ठेवलेली होती. अन्न कमी पडले नव्हते. बाहेरचे भांडे संपत आले आहे हे आत सांगणारे कोणी नेमलेलेच नव्हते.

आता आपल्या रांगेचा हिशेब करू. बुफेच्या रांगेचा वेग टेबलावर सर्वांत जास्त वेळ घेणारा एक पदार्थ ठरवतो; बाकीचे पदार्थ कितीही झटपट घेता आले तरी त्याचा उपयोग होत नाही. समजा त्या पदार्थापाशी प्रत्येक जण 12 सेकंद थांबतो. म्हणजे मिनिटाला पाच जण पुढे सरकतात, आणि 200 जणांना त्या टेबलावरून जायला 40 मिनिटे लागतात. ही आदर्श स्थिती झाली. प्रत्यक्षात कोणी ओळखीचा भेटला म्हणून थांबतो, कोणी पदार्थाचे नाव विचारतो, कोणी मुलासाठी दुसरी प्लेट भरतो, आणि 12 सेकंदांचे सहज 18 होतात. मग हिशेब एका तासावर जातो. जेवणासाठी दीड तास आहे, त्यामुळे शेवटच्या माणसाला खायला अर्धा तास मिळेल आणि पहिल्या माणसाचे दुसऱ्यांदा घेणे त्याच रांगेत अडकेल. भिंतीला लागून मांडलेल्या टेबलाला एकच बाजू मिळते. तेच टेबल भिंतीपासून पुढे ओढून मोकळ्या जागेत मांडले आणि दोन्ही बाजूंनी तेच पदार्थ त्याच क्रमाने ठेवले, तर एका टेबलाच्या दोन रांगा होतात. अशी दोन टेबले ठेवली की चार रांगा होतात आणि वरचे 40 मिनिटांचे काम 10 मिनिटांचे होते. सगळी रेंगाळ धरली तरी 15 ते 20 मिनिटांत शेवटचा पाहुणा वाढून घेतो. पन्नास जणांमागे एक रांग हा माझा ठोकताळा आहे, आणि 200 जणांसाठी मी चारपेक्षा कमी रांगा मान्य करत नाही. म्हणून आपल्या तीन प्रश्नांपैकी तिसऱ्याचे उत्तर सर्वांत आधी देतो: एक टेबल पुरेसे नाही.

टेबले वाढवण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे रेंगाळायला लावणारे पदार्थ रांगेबाहेर काढणे. सूप हा त्यातला सर्वांत मोठा अडथळा आहे, कारण एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात पळी आणि वाटी मात्र टेबलावर, अशी माणसाची अवस्था होते. शिवाय भरलेली वाटी घेऊन पुढे भाजी वाढून घेणे अशक्यच असते. पेये, गोड पदार्थ आणि समोर तयार करून द्यायचे पदार्थ यांनाही स्वतंत्र टेबल हवे, आणि ते मुख्य टेबलापासून इतके लांब हवे की तिथली गर्दी मुख्य रांगेत मिसळणार नाही. प्लेटा रांगेच्या सुरुवातीला ठेवाव्यात, पण चमचे, काटे आणि नॅपकिन शेवटी ठेवावेत. सुरुवातीलाच ते उचलायला लावले तर पाहुणा पुढची सगळी वाट ते अंगठ्याखाली दाबून धरत चालतो आणि निम्म्या वेळा काहीतरी खाली पडते. जिथे लोक बसून जेवणार आहेत, तिथे चमचे आणि पाणी बसण्याच्या टेबलांवरच मांडून ठेवणे सर्वांत सोयीचे. टेबलावरचा क्रम लावताना जोड्या तोडू नयेत: भाताच्या लगेच पुढे त्यावर घालायचा रस्सा, सॅलडच्या शेजारी त्याचे ड्रेसिंग. रस्सा आधी आणि भात नंतर आला की लोक मागे वळतात, आणि रांगेत मागे वळलेला एक माणूस पाच जणांना थांबवतो.

जागेबद्दल एवढेच सांगतो की टेबलासमोर किमान दीड मीटर मोकळे सोडावे, म्हणजे उभ्या रांगेच्या मागून भरलेली प्लेट घेऊन माणूस जाऊ शकतो. व्हीलचेअरवर असलेल्या किंवा काठी घेऊन चालणाऱ्या पाहुण्यांना त्या गर्दीत स्वतः वाढून घ्यायला लावू नये. त्यांना काय हवे ते विचारून प्लेट जागेवर आणून देणारी एक व्यक्ती आधीच नेमावी आणि तिला ते पाहुणे कोण, हे दाखवून ठेवावे. सजावट टेबलाच्या मधल्या पट्टीत आणि उंचावर असावी, हाताच्या वाटेत नसावी. तीव्र वासाची फुले अन्नाजवळ नकोत.

सगळ्यांना एकाच वेळी "जेवण सुरू झाले आहे" असे सांगणे ही आणखी एक चूक मी वारंवार पाहतो. 200 माणसे एकाच मिनिटाला उठली तर चार रांगाही अपुऱ्या पडतात. बसण्याची टेबले आठ जणांची असतील तर एकूण 25 टेबले होतात. एका वेळी पाच टेबलांना बोलवावे आणि रांग निम्मी ओसरली की पुढच्या पाचांना. हे काम सूत्रसंचालकाकडून माईकवर करून घेण्यापेक्षा टेबलापाशी जाऊन सांगणाऱ्या दोन स्वयंसेवकांनी केले तर अधिक शांतपणे होते. लहान मुले आणि वृद्ध असलेली टेबले आधी घ्यावीत.

आता पदार्थांकडे येऊ. 22 पदार्थांची यादी पाहून यजमानाला समाधान वाटते, पण मी ती 10 ते 11 वर आणायला सांगेन. यामागे खर्चापेक्षा मोठे कारण आहे. पदार्थ दुप्पट झाले म्हणजे खाणारा दुप्पट खातो असे होत नाही, पण प्रत्येक पदार्थाचा थोडा थोडा भाग प्लेटमध्ये घेऊन पाहतो. त्यामुळे टेबलापाशी थांबण्याचा वेळ वाढतो, प्लेटमध्ये टाकलेल्या अन्नाचे प्रमाण वाढते, आणि स्वयंपाकघराचे लक्ष 22 ठिकाणी विभागल्यामुळे एकही पदार्थ नीट साधत नाही. भात, दोन प्रकारचे ब्रेड, रश्श्याचे दोन पदार्थ, एक कोरडी भाजी, दोन सॅलड, एक भाजलेला किंवा बेक केलेला पदार्थ आणि दोन गोड पदार्थ एवढ्यात भरपेट आणि देखणे जेवण होते. मांसाहारी पदार्थ ठेवायचे असतील तर शाकाहारी पदार्थ ही उरलीसुरली सोय समजू नये. बुफेत शाकाहारी पदार्थ मांसाहार करणारेही आवडीने घेतात, त्यामुळे ते फक्त शाकाहारी पाहुण्यांच्या संख्येवर मोजले तर ते सर्वांत आधी संपतात आणि ज्यांना दुसरे काही चालत नाही तेच उपाशी राहतात.

कोणते पदार्थ ठेवावेत हे ठरवताना चवीच्या आधी एक प्रश्न विचारावा: हा पदार्थ झाकणाखाली, वाफेवर, तासभर राहिल्यावर कसा होतो? तळलेले कुरकुरीत पदार्थ झाकणाखाली पंधरा मिनिटांत मऊ पडतात. हिरव्या भाज्या रंग सोडून तपकिरी होतात. अंड्याचे पदार्थ रबरासारखे चिवट होतात. पास्ता रस शोषून फुगतो आणि दुधा-मलईचे रस्से फाटू शकतात. उलट रश्श्यात शिजवलेल्या भाज्या, कडधान्ये, मंद आचेवर शिजवलेले मांस आणि भाजलेली कंदमुळे तासाभराने मुरून अधिक चांगली लागतात. म्हणून केटररकडे चव घ्यायला जाल तेव्हा नुकताच कढईतून काढलेला पदार्थ चाखून होकार देऊ नका. तोच पदार्थ चेफिंग डिशमध्ये, म्हणजे खाली गरम पाणी आणि ज्योत असलेल्या झाकणाच्या भांड्यात, 90 मिनिटे ठेवून मग द्यायला सांगा. ही विनंती ऐकून काही जण आश्चर्य करतात, पण ज्याला काम येते तो केटरर लगेच समजतो, आणि अनेकदा तोच स्वतःहून यादीतले दोन पदार्थ बदलतो.

अन्न किती करावे याचे माझे गणित शिजलेल्या अन्नाच्या वजनावर चालते. मुख्य जेवणासाठी प्रौढ व्यक्तीमागे साधारण 500 ते 550 ग्रॅम शिजलेले अन्न धरतो. त्याची फोड अशी: भात 130 ग्रॅम, ब्रेड 60, रश्श्याचे दोन पदार्थ प्रत्येकी 80, कोरडी भाजी आणि भाजलेला पदार्थ मिळून 60, दोन्ही सॅलड मिळून 50 आणि गोड 70, म्हणजे एकूण 530 ग्रॅम. 200 जणांसाठी हे 106 किलो होते. भाताचे 26 किलो झाले. तांदूळ शिजून साधारण अडीच ते तीन पट वजनाचा होतो, म्हणजे साडेनऊ किलोच्या आसपास तांदूळ लागेल. रश्श्याचा प्रत्येक पदार्थ 16 किलो. या आकड्यांवर मी सरसकट दहा टक्के वाढवत नाही. सर्वाधिक आवडेल असा वाटणारा एक पदार्थ 20 टक्के जास्त करायला सांगतो आणि बाकीचे आहेत तेवढेच ठेवतो, कारण तुटवडा नेहमी त्या एकाच पदार्थाचा पडतो आणि उरतात ते मात्र सगळेच.

200 हा आकडा पक्का आहे का, हेही तपासा. निमंत्रितांची संख्या, येतो म्हणालेल्यांची संख्या आणि प्रत्यक्ष जेवणाऱ्यांची संख्या हे तीन वेगळे आकडे असतात, आणि केटररला तिसऱ्याचा अंदाज हवा असतो. दहा वर्षांखालील मुले अर्धी धरावीत. छायाचित्रकार, ध्वनिव्यवस्थेची माणसे, चालक, स्वयंसेवक आणि स्वतः वाढपी हे सगळे जेवणार आहेत, पण यादीत ते कोणीच लिहीत नाही. 200 पाहुण्यांच्या कार्यक्रमात ही माणसे सहज 15 ते 20 भरतात. त्यांचे जेवण वेगळे काढून ठेवावे, नाहीतर दिवसभर राबलेल्या माणसांच्या वाट्याला संपलेली भांडी येतात. शेवटचा आकडा केटररला किती दिवस आधी द्यायचा आणि त्यानंतर किती फरक चालेल, हे लेखी ठरवून घ्यावे.

वाढण्याच्या साधनांचा अन्नाच्या हिशेबाशी थेट संबंध असतो, आणि याकडे कोणाचे लक्ष नसते. माझ्यासमोर एकदा एका रश्श्याच्या दोन भांड्यांत दोन वेगळ्या पळ्या होत्या. एकीत 60 मिलिलीटर मावत होते, दुसरीत 120. लोक दोन्हीकडे दोनच पळ्या घेत होते, त्यामुळे एका बाजूचे भांडे दुसऱ्याच्या निम्म्या वेळात रिकामे होत होते आणि आचारी अंदाज चुकला म्हणून हळहळत होता. पळी बदलली तेव्हा दोन्ही बाजू सारख्या चालू लागल्या. तेव्हापासून टेबल मांडले की मी प्रत्येक पळीत पाणी भरून ते मापपात्रात ओतून बघतो. प्लेटचेही तसेच आहे: 30 सेंटीमीटरच्या प्लेटऐवजी 25 ते 27 सेंटीमीटरची दिली तर लोक कमी टाकतात, आणि हवे असेल तर पुन्हा येतात. पुन्हा येणारा माणूस नवी प्लेट घेतो आणि घ्यावीही, कारण उष्टी प्लेट टेबलावरच्या भांड्यापर्यंत येता कामा नये. म्हणून 200 जणांसाठी किमान 270 प्लेटा आणि 400 ग्लास सांगावेत. प्रत्येक भांड्याला स्वतःची पळी किंवा चिमटा हवाच. त्याशिवाय प्रत्येकाचे एक-दोन जादा आत तयार ठेवावेत, कारण पळी भांड्यात बुडणे हे होतेच.

आता सर्वांत गंभीर भाग, तापमानाचा. इथे मी कोणाच्या अनुभवावर किंवा अंदाजावर विसंबत नाही, स्वतःच्याही नाही. खिशात सुईचा थर्मामीटर ठेवतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2001 मध्ये सुरक्षित अन्नाची पाच सूत्रे मांडली. त्यांत गरम अन्न 60 अंश सेल्सिअसच्या वर आणि नासणारे थंड अन्न 5 अंशांच्या खाली ठेवावे, आणि शिजलेले अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नये असे सांगितले आहे. देशोदेशींचे नियम थोडे वेगळे आहेत. अमेरिकेच्या अन्न संहितेत गरम अन्नाची मर्यादा 57 अंश आहे, ब्रिटनमध्ये 63. मी 63 धरतो, कारण सुई मध्यभागी घातली तर दिसणारा आकडा आणि कडेचा आकडा यांत बराच फरक असतो. भाताच्या भांड्यात मध्ये 68 आणि वरच्या थरात 52 असे मी अनेकदा पाहिले आहे. हवा 32 अंशांच्या वर असेल आणि जेवण उघड्यावर असेल तर दोन तासांची मर्यादा एका तासावर आणावी.

चेफिंग डिश अन्न गरम करत नाही, गरम असलेले अन्न गरम ठेवते. एवढी एक गोष्ट सगळ्या वाढप्यांना माहीत असती तर बुफेमुळे होणारे बरेच आजार टळले असते. खालच्या पाण्याच्या भांड्यात थंड पाणी ओतून, जेलचा डबा पेटवून, वर कोमट अन्न ठेवले तर ते अन्न जंतूंना वाढायला सर्वांत सोयीच्या तापमानात तासभर बसते. पाणी उकळते ओतावे, ते वरच्या भांड्याच्या तळाला वाफ मिळेल इतके, म्हणजे दोन-तीन सेंटीमीटर असावे. बर्नर जेवणाच्या अर्धा तास आधी पेटवावेत. आणि अन्न आत 75 अंशांच्या वर तापवूनच त्यात आणावे. आधी शिजवून थंड केलेले अन्न पुन्हा गरम करताना ते सर्व बाजूंनी 74 अंशांपर्यंत गेले पाहिजे, आणि हे काम शेगडीवर झाले पाहिजे, चेफिंग डिशमध्ये नव्हे. जेलचे डबे दोन, चार किंवा सहा तास जळणारे मिळतात. दोन तासांचा डबा साडेबाराला पेटवला तर अडीचला विझतो, हे लक्षात घेऊन निवड करावी. विजेवर चालणारी उपकरणे असतील तर सभागृहाच्या व्यवस्थापकाला भाराबद्दल आधी विचारावे. 230 व्होल्टच्या, 16 अँपिअरच्या एका सर्किटवर 3,680 वॅट एवढीच मर्यादा असते; मोठे कॉफीयंत्र आणि एक गरम काउंटर एकत्र लावले की ती संपते, आणि फ्यूज नेमका जेवणाच्या मध्यावर उडतो.

भात आणि मांसाचा रस्सा या दोन पदार्थांबद्दल अधिक सावध राहावे असे मी कळकळीने सांगतो. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू तांदळात असतात आणि ते शिजवण्यातून वाचतात. भात कोमट राहिला तर ते वाढून विष तयार करतात, आणि उलट्या घडवणारे हे विष भात पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. मोठ्या पातेल्यात शिजवून हळूहळू निवत राहिलेल्या मांसाच्या रश्श्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा दुसरा जिवाणू वाढतो. दोन्ही बाबतींत अन्नाला वास येत नाही, चव बदलत नाही, दिसायला ते उत्तम असते. म्हणून भात एकदम सगळा न शिजवता दोन फेऱ्यांत शिजवायला सांगावे: पहिली फेरी एकला, दुसरी दीडला टेबलावर येईल अशी. पदार्थ आदल्या दिवशी करायचेच असतील तर ते उथळ ट्रेमध्ये, पाच सेंटीमीटरपेक्षा कमी थर ठेवून निववावेत. अमेरिकी संहितेप्रमाणे 57 वरून 21 अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून 5 अंशांपर्यंत पुढच्या चार तासांत यायला हवे. मोठे पातेले तसेच शीतगृहात सरकवले तर मधला भाग त्या वेळात कधीच तेवढा थंड होत नाही.

भांडी पुन्हा भरण्याची पद्धतही यातच येते. गॅस्ट्रोनॉर्म या व्यावसायिक स्वयंपाकघरांतल्या प्रमाणित मापाचा पूर्ण ट्रे 530 बाय 325 मिलिमीटरचा असतो आणि 65 मिलिमीटर खोलीच्या ट्रेत काठोकाठ नऊ लिटरच्या आसपास मावते, पण तो कधीच काठोकाठ भरू नये. 16 किलो रस्सा चार रांगांवर वाटला तर प्रत्येकीच्या वाट्याला चार किलो येतो. तो एकदम न ठेवता दोन-दोन किलोच्या दोन फेऱ्यांत आणावा. ट्रे एक तृतीयांश उरला की आतून भरलेला गरम ट्रे आणून जुना उचलावा. जुन्यावर नवे ओतू नये, कारण मग पहिल्या दहा मिनिटांतले अन्न तळाशी राहून दीड तास टेबलावर काढते. एका टेबलासाठी एक माणूस केवळ हे पाहण्यासाठी हवा. त्याने वाढायचे नाही, पाहुण्यांशी बोलायचे नाही, भांड्यांकडे बघायचे आणि आत सांगायचे. त्या जुन्या कार्यक्रमात हाच माणूस नव्हता.

पथ्य आणि ॲलर्जी यांची माहिती निमंत्रणाबरोबरच मागवावी. युरोपीय संघात 14 घटकांची माहिती देणे बंधनकारक आहे. अमेरिकेत असे नऊ मुख्य घटक आहेत, त्यांत तिळाची भर 2023 मध्ये पडली. शेंगदाणे, इतर कठीण कवचाची फळे, दूध, अंडी, गहू, सोया, मासे, कवचधारी जलचर आणि तीळ यांची नोंद तरी प्रत्येक पदार्थाच्या पाटीवर हवी, आणि पाटीवर शोभेचे नाव न लिहिता पदार्थात काय आहे ते लिहावे. मात्र पाटी लावली म्हणजे काम झाले असे समजू नये. बुफेत पळ्या एका भांड्यातून दुसऱ्यात जातात, थेंब सांडतात, आणि शेंगदाण्याचे कूट असलेल्या सॅलडचा चिमटा शेजारच्या सॅलडमध्ये सापडतो. ज्याची ॲलर्जी गंभीर आहे त्याची प्लेट टेबल उघडण्याआधी आतच भरून, झाकून, नाव लिहून वेगळी ठेवावी. त्या पाहुण्याला ते आधी सांगावे, म्हणजे तो रांगेत उभा राहणार नाही.

दिवसाचे वेळापत्रक एक वाजल्यापासून मागे लावा. साडेअकराला टेबले आणि रिकामी भांडी जागेवर, बाराला पाट्या आणि पळ्या, सव्वाबाराला वाढप्यांना प्रत्येक पदार्थात काय आहे हे सांगून झालेले, साडेबाराला उकळते पाणी आणि पेटलेले बर्नर, पावणेएकला गरम पदार्थ, थंड पदार्थ त्याच्याही नंतर बर्फावर. भाषणे लांबणार असतील, आणि ती लांबतातच, तर आयोजकांपैकी एकाने साडेबाराला आचाऱ्याला खरी वेळ सांगावी. अर्धा तास उशीर होणार असेल तर अन्न आत शेगडीवर थांबलेले बरे, टेबलावर नव्हे.

उरलेल्या अन्नाचा निर्णय आधी घ्यावा, कारण जेवण संपल्यावर थकलेली माणसे भावनेच्या भरात निर्णय घेतात. टेबलावर येऊन गेलेले अन्न मी कोणालाही बांधून देत नाही. त्यावर अनेक हात आणि अनेक श्वास येऊन गेलेले असतात आणि त्याच्या तापमानाची खात्री नसते. जे आत झाकलेले आणि 63 अंशांच्या वर राहिले, ते लगेच उथळ भांड्यांत काढून निववता येते किंवा गरमच, दोन तासांच्या आत खाल्ले जाईल अशा ठिकाणी पोहोचवता येते. त्यासाठी डबे, गाडी आणि घेणारी संस्था आदल्या दिवशीच ठरलेली असावी. अडीचला टेबल बंद करण्यापूर्वी दहा मिनिटे फिरून "कोणाला काही हवे आहे का" असे विचारावे, आणि मग भांडी उचलताना प्रत्येक पदार्थाचे उरलेले वजन काट्यावर करून वहीत लिहून ठेवावे: किती केले, किती उरले, किती जण जेवले. पुढच्या वर्षी केटररशी बोलायला बसाल तेव्हा माझ्या 530 ग्रॅमच्या जागी ते आकडे वापरा.